जुन्या डिझेलचा हरवलेला पिकअप: रिमॅपच्या आधी काय तपासायचं?

नागपुरातून बोलतोय आणि आजचा विषय आहे जुनी टर्बो डिझेल कार. म्हणजे तुमच्या-आमच्या घरासमोर उभी असलेली ती स्विफ्ट डीडीआयएस, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मान्झा, लिनिया, पुंटो. बाबांनी 2010-12 च्या सुमारास घेतली, दीड लाख किलोमीटर चालवली आणि आता किल्ली तुमच्याकडे आली.

या गाड्यांबद्दल मेसेज येतात ते जवळपास एकाच साच्यातले. "भाऊ, गाडी ओढतच नाही. ओव्हरटेक करताना दम लागून राहिला. रिमॅप करून घेऊ का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. रिमॅपचं नंतर बघू. कंपनीने दिलेली ताकद गाडीत अजून शिल्लक आहे का, ते आधी तपासा. समजा 75 ची ताकद झिजून 60 वर आली असेल, तर ती 75 वर आणणं हेच तुमचं ट्यूनिंग. ते स्वस्त पडतं, कायद्यात बसतं आणि इंजिन फुटत नाही. आता हे कसं करायचं ते नीट पाहू.

आधी इंजिनाची ओळख

वर जी नावं घेतली, त्या सगळ्या गाड्यांत एकच इंजिन आहे. फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. हे इंजिन 2003 साली युरोपात आलं आणि 2005 मध्ये त्याला त्याच्या गटात 'इंजिन ऑफ द इयर'चा मान मिळाला. भारतात ते दोन ठिकाणी बनायचं. मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरला आणि फियाट-टाटासाठी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की लोक गमतीने त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं आणि हे पर्व संपलं.

यातली एक गोष्ट आजच्या विषयासाठी फार कामाची आहे. हेच 1248 सीसीचं इंजिन दोन ताकदींत यायचं. स्विफ्ट, रिट्झमध्ये 75 पीएस आणि 190 न्यूटन मीटर. एसएक्स4, एर्टिगा, मान्झामध्ये 90 पीएस आणि 200 न्यूटन मीटर. ही 15 ची वाढ कंपनीने कशी केली? सॉफ्टवेअर बदललंच, पण मुख्य म्हणजे टर्बो वेगळा बसवला. 75 वाल्यात साधा, ठरावीक भूमितीचा टर्बो. 90 वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्री, म्हणजे आतली पाती कोन बदलतात तो टर्बो. कंपनीलाही ताकद वाढवायला नुसती फाइल पुरली नाही, जास्त हवा देणारं यंत्र लागलं. हे लक्षात ठेवा, रिमॅपकडे आलो की कामी येईल.

डिझेलचा सगळा खेळ हवेचा

पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की हवेचा दरवाजा उघडतो. डिझेलमध्ये तसं नसतं. तिथे हवा जितकी येईल तितकी येऊ देतात आणि डिझेल किती मारायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. हवा कमी पडली की डिझेल पूर्ण जळत नाही आणि मागून काळा धूर निघतो. हा काळा धूर म्हणजे तुम्ही पंपावर पैसे मोजून घेतलेलं, पण न जळलेलं डिझेल.

आता आपल्या नागपूरचा हिशोब करा. जानेवारीत पहाटे 10 अंश, मे महिन्यात दुपारी 45. दाब तोच धरला तर 45 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 11 टक्के विरळ असते. तीच हवा टर्बोने दुप्पट दाबली की तिचं तापमान शंभरीच्या बरंच वर जातं. ज्या गाडीत इंटरकूलर आहे तिथे ती थंड करून आत पाठवायची असते, पण त्या इंटरकूलरच्या जाळीत धूळ, किडे आणि तेलाचा चिकट थर बसलेला असला, तर तो थंड करणार तरी काय? म्हणून मे महिन्यात गाडी थोडी मंद वाटली तर लगेच घाबरू नका, त्यात थोडा वाटा नागपूरच्या उन्हाचा आहे. पण डिसेंबरातही तीच रड असेल, तर काहीतरी बिघडलंय.

मोबाइलने गाडीची नाडी बघा

हा भाग तुमच्यासाठी, कारण साधन तुमच्या खिशात आहे. एक ब्लूटूथ ओबीडी अॅडॅप्टर घ्या. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवरच्या अॅपमध्ये इंजिनाचे आकडे दिसतात. 2013 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हे सरळ चालतं. त्याआधीच्या काही गाड्या स्वस्त अॅडॅप्टरशी बोलत नाहीत. मग गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवर हेच आकडे बघायला सांगा. तो नाही म्हणाला, तर गॅरेज बदला.

पहिला आकडा इंजिन बंद ठेवून, नुसती इग्निशनची किल्ली ऑन करून बघायचा. इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच आहे, म्हणून इथे तो 96 ते 98 किलोपास्कल दिसायला हवा. त्यात मोठा फरक असेल तर सेन्सरच खोटं बोलून राहिला, आणि ईसीयू त्याच्या भरवशावर निर्णय घेतोय.

दुसरी चाचणी रस्त्यावर. सकाळी सहा-साडेसहाला, शहराबाहेर, मोकळ्या सरळ रस्त्यावर. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. तिसरा गिअर, 1500 आरपीएम, मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि 3000 ला सोडायचा. वेग मर्यादेतच राहतो. मोबाइल शेजारच्या मित्राच्या हातात, तुमचे डोळे रस्त्यावर. अॅपमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तीन आकडे जतन करा: मॅनिफोल्ड प्रेशर, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर. शेवटचे दोन आकडे काही गाड्यांत फक्त गॅरेजच्या स्कॅनरवर दिसतात.

धडधाकट टर्बो असलेल्या अशा बऱ्याच इंजिनांत पूर्ण जोर दिल्यावर मॅनिफोल्ड प्रेशर 200 च्या आसपास किंवा त्याच्या वर जातं. प्रत्येक मॉडेलचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून ओळखीत तेच मॉडेल चांगलं चालणारं असेल तर त्यावर हीच चाचणी करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मग निकाल तीन प्रकारचे निघतात.

एक: दाब 150-160 वरच अडकला आणि मागे काळा धूर. म्हणजे हवा कुठेतरी गळते आहे किंवा अडते आहे.

दोन: हवेचा दाब ठीक, पण मागितलेलं रेल प्रेशर वर आणि मिळालेलं खाली. म्हणजे डिझेल पोचत नाही.

तीन: दोन्ही ठीक, तरी गाडी ओढत नाही. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत जात नाही, किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशनच गेलंय.

मेकॅनिककडे जाताना "पिकअप नाही" एवढंच सांगण्यापेक्षा "तिसऱ्या गिअरला बूस्ट 155 वर अडकतो" असं सांगा. बोलण्याचा सूरच बदलतो, आणि "टर्बो गेला, नवीन टाका" हे सहज कोणी गळ्यात मारू शकत नाही.

तपासायचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

हवेपासून सुरुवात करू. एअर फिल्टर काढून बघा. सिमेंट रस्त्यांची कामं, मेट्रोची कामं, उन्हाळ्यातली धूळ, यात नागपूरची गाडी रोज फिरते. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच इथे फिल्टर भरतो. हवा मारून पुन्हा बसवण्यापेक्षा नवीन घाला, काही शे रुपयांचा मामला आहे.

मग टर्बोचे होस पाइप. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे जाड रबरी पाइप असतात. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, चिरतं, क्लिप सैल होते. इंजिन उभं असताना चीर मिटलेली दिसते आणि दाब आला की उघडते, म्हणून नुसतं वरून बघून कळत नाही. पाइप हाताने पिळून बघा. टर्बोच्या हवेत तेलाचा थोडा अंश असतो, म्हणून जिथे गळती तिथे तेलकट काळी माती जमलेली सापडते. अॅक्सिलरेटर दिल्यावर 'फुस्स' असा आवाज येत असेल तर जवळजवळ नक्कीच हीच भानगड. एक क्लिप किंवा एक पाइप बदलून मेलेली गाडी उठते, हे कुठलाही जुना डिझेल मेकॅनिक सांगेल.

त्यानंतर ईजीआर. हा व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे जाणारा थोडा वायू परत इंजिनात सोडतो, त्याने नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण कमी होतं. धरमपेठ ते सीताबर्डी, सीताबर्डी ते सदर अशा छोट्या फेऱ्यांत गाडी कधी मोकळी पळतच नाही. मग काजळी बसते आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो. हवेच्या जागी धूर आत जातो. तो काढून साफ करून घ्या. "पत्रा लावून बंद करून टाकू" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. काहून, ते पुढे सांगतो.

आता डिझेलची बाजू. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते घरात कोणालाच आठवत नसेल, तर आज बदला. पावसाळ्यानंतर त्यातलं पाणी काढून घ्या. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबलं जातं, पाण्याचा थेंबही तिथे नोझल खराब करतो. नोझलवर संशय असेल तर सगळे नवीन टाकायच्या आधी लीक-ऑफ टेस्ट मागा. चारही नोझलच्या रिटर्न पाइपला छोट्या बाटल्या लावतात, इंजिन काही मिनिटं चालवतात आणि कोणत्या बाटलीत जास्त डिझेल जमलं ते बघतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली, तर दोषी तो एक. चार बदलायची गरज नाही.

तिसरा गट चाकांकडचा, आणि हा लोक विसरतात. चौथ्या गिअरला जोर दिल्यावर आरपीएम वर जातो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. पाच-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. आणि दिसायला भारी म्हणून रुंद टायर टाकले असतील, तर पिकअप तिथेच थोडा गेला.

धुराचा रंग आणि एक धोक्याची गोष्ट

काळ्या धुराचं सांगितलं. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कूलंट आत जातंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

निळ्या धुराकडे दुर्लक्ष करू नका. टर्बोचं सील गेलं की इंजिन ऑइल हवेच्या पाइपात शिरतं. डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच लागतं असं नाही, त्याला ऑइलही चालतं. मग इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो, मागे धुराचा लोट. असं झालं तर गाडी कडेला घ्या, सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. नाही थांबलं तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा. बोनेट उघडून आत हात घालू नका. ज्या टर्बोचं सील आधीच थकलंय त्यावर रिमॅप करून जास्त दाब मागणं म्हणजे हा प्रसंग बोलावून आणणं.

आता रिमॅप

रिमॅप म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलून जास्त डिझेल आणि जास्त बूस्ट मागणं. ते खोटं नाही, ताकद वाढते. पण तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. जोरावर असताना टर्बोकडे जाणारा वायू 700 अंशांच्या वर जाऊ शकतो. नवीन इंजिनात कंपनीने थोडी ऐपत राखून ठेवलेली असते. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाने ती बरीच खर्च केलेली असते. आणि मघाशी पाहिलं तसं, कंपनीने ताकद वाढवताना टर्बोही बदलला होता. तुम्ही जुन्याच लहान टर्बोला जास्त पळवणार.

दुसरी, गळक्या गाडीवर रिमॅप केला तर बिघाड झाकला जातो. चिरलेल्या पाइपातून हवा जातेच आहे आणि वर डिझेल वाढवलं. चार दिवस बरं वाटतं, मग धूर, मग काजळी, मग टर्बो.

तिसरी, बाजारात मिळणाऱ्या 'पॉवर चिप'. काही डबे रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून दाखवतात, म्हणजे ईसीयूला फसवून दाब वाढवतात. आणि ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या अगदी स्वस्त चिप तर नुसता दिवा लुकलुकवतात. त्या पैशात डिझेल फिल्टर येतो.

कायदा आणि 15 वर्षांचा प्रश्न

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही. कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ईजीआर बंद करणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं हे सरळ प्रदूषण नियंत्रणाशी खेळणं आहे. त्याचा धूर मागच्या स्कूटीवाल्याच्या नाकात जातो, तो विषय वेगळा.

पीयूसीचाही आकडा लक्षात ठेवा. डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा बीएस-4 साठी 50 एचएसयू, त्याआधीच्या गाड्यांसाठी 65. पीयूसीवर हा आकडा छापलेला असतो, पण आपण बघत नाही. मागच्या दोन-तीन पीयूसी काढा. आकडा चढत असेल तर इंजिनाची हवा कमी होतेय, याची ती फुकटात मिळालेली खूण.

आणखी एक. "डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते" हे नागपुरात बरेच जण मानतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेला तो निर्बंध दिल्ली-एनसीआरपुरता होता. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची, मग आरटीओत तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 झाली, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे 2011 ची गाडी असेल तर निर्णय दारात उभा आहे: ठेवायची की काढायची? ठेवायची असेल तर ती धडधाकट, मूळ अवस्थेतली आणि कमी धुराची हवी. आज सांगितलेली सगळी तपासणी त्या निर्णयाआधी करा. कॉम्प्रेशन गेलेलं निघालं, तर भावनेपोटी इंजिनात पैसे ओतण्याआधी दोनदा विचार करा.

चालवायच्या सवयी

शेवटी, फुकटचा पिकअप. हे इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास जोर देतं, त्याखाली टर्बो झोपलेला असतो. 1300 वर चौथा गिअर टाकून "ओढत नाही" म्हणू नका. ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली घ्या. चिखलदऱ्याच्या घाटात तर हे नक्कीच करा.

इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर बदला. छोटा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि तो फिरतो ऑइलच्या पातळ थरावर. समृद्धीवर 120 ने तासभर चालवून चहाला थांबलात, तर लगेच किल्ली बंद करू नका. मिनिटभर इंजिन आयडलला चालू द्या, नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. आणि समृद्धीवर जाण्याआधी टायर किती जुने आहेत ते बघा. इंजिन 75 चं असो की 100 चं, 120 च्या वेगाला जुना टायर फुटला तर पिकअपचा काही उपयोग नाही.

तर या रविवारी सकाळी तिसऱ्या गिअरची चाचणी करा, तिन्ही आकडे लिहून काढा आणि गाडीचं मॉडेल, वर्ष, किलोमीटर यांसह मला पाठवा. पुरेसे आकडे आले तर पुढच्या एका भागात मॉडेलप्रमाणे ते शेजारी-शेजारी ठेवून बोलू. ज्या मित्राने रिमॅपसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू लवकरच. काळजी घ्या, सावकाश चालवा!